पेशीला निरोप पोचलाच नाही तर?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलतानाचीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर फिरायला निघाला असाल, जिथे असाल तिथे ऐका. आजचा भाग एका फॉरवर्डवरून सुचलाय.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने मला एक रील पाठवली. छोटीशी बाटली, त्यातून टपटप पडणारे थेंब, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘ग्रोथ फॅक्टर’. सोबत तिचा मेसेज: "ताई, यात ग्रोथ फॅक्टर आहेत म्हणे. म्हणजे केस वाढणारच ना? ग्रोथ म्हणजे वाढ!" किंमत बघून मी आधी पाणी प्यायले. मग उत्तर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं, आणि लक्षात आलं की हे एका मेसेजमध्ये बसणारं नाही.

कारण ग्रोथ फॅक्टर ही थाप नाही. ते खरंच असतात. तुमच्या-माझ्या अंगात ह्या क्षणी आहेत. आईच्या पोटात आपले हात-पाय, डोळे, नसा जागच्या जागी आल्या त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. घोळ आहे तो नावात. नाव ऐकून वाटतं, हे पेशींचं खत असणार. घातलं की पीक वाढलं. प्रत्यक्षात ग्रोथ फॅक्टर हा एक निरोप असतो. एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला. आणि तो कधी ‘वाढ’ म्हणतो, कधी ‘थांब’ म्हणतो, कधी ‘इकडे ये’ म्हणतो. कधी ‘जगत राहा’ म्हणतो. आणि कधी चक्क ‘आता मर’ असंही म्हणतो.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट आज सांगते. आणि शेवटी मावसबहिणीला काय उत्तर दिलं तेही.

बेडरूममधली प्रयोगशाळा

साल १९४०. इटलीतलं ट्यूरिन शहर. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी नावाची एकतीस वर्षांची डॉक्टर. शिकली वैद्यकशास्त्र, पण ओढ संशोधनाची, त्यातही मज्जासंस्थेची. पण ती ज्यू. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशाचे कायदे आणले आणि ज्यू लोकांना विद्यापीठांतून बाहेर काढलं. रीटाची जागा गेली. तिचे गुरू, प्रोफेसर ज्युसेप्पे लेव्ही, आडनाव सारखं पण नात्यातले नव्हेत, तेही ज्यू. त्यांचंही पद गेलं.

मग रीटाने काय केलं? आपल्या बेडरूममध्ये प्रयोगशाळा थाटली. एक सूक्ष्मदर्शक, अंडी उबवायची एक छोटी पेटी, ऊतींचे पातळ काप करायचं यंत्र. बारीक शस्त्रक्रियेसाठी शिवणाच्या सुया घासून घासून धारदार केल्या. घड्याळजीचा चिमटा आणला. आणि थोड्याच दिवसांत लेव्ही सर तिथे मदतीला यायला लागले. म्हणजे गुरूच शिष्येच्या बेडरूममध्ये सहायक!

आणि प्रयोग कशावर? कोंबडीच्या अंड्यांवर.

इथे जरा थांबू. आपण दुकानातून जी पोल्ट्रीची अंडी आणतो, ती सहसा फलित नसतात. त्यातून पिल्लू येत नाही. खुडूक कोंबडीखाली जी ठेवतात ती फलित अंडी. त्यातून २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. पण आत काय चाललंय हे बघायचं असेल तर अंड्याच्या कवचाला एक छोटी खिडकी पाडता येते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्या इवल्याशा भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे दिसायला लागतात. पुढचे दोन म्हणजे होऊ घातलेले पंख, मागचे दोन म्हणजे पाय. धान्याला मोड यावा तसे. म्हणून त्यांना आपण कोंब म्हणू.

रीटाच्या हाती एक शोधनिबंध आला होता. व्हिक्टर हॅम्बर्गर ह्यांचा, १९३४ चा. हॅम्बर्गर मूळचे जर्मन, तेही ज्यू, नाझींमुळे जर्मनीतली नोकरी गेलेले आणि अमेरिकेत सेंट लुईसला स्थिरावलेले. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाचा पंखाचा कोंब कापून काढला होता. पुढे त्या बाजूचा पाठीचा कणा तपासला, तर तिथल्या चेतापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, दुसऱ्या बाजूपेक्षा कमी भरल्या. गंमत बघा. कापला पंख, कमी झाल्या पाठीतल्या पेशी. म्हणजे पंखाकडून पाठीकडे काहीतरी सांगितलं जात होतं.

काय सांगितलं जात होतं? हॅम्बर्गर ह्यांचा अंदाज होता की पंखाचा कोंब साध्या कोवळ्या पेशींना सांगत असणार, ‘चला, चेतापेशी व्हा’. कोंबच नाही, तर सांगणारं कुणी नाही, म्हणून चेतापेशी तयारच होत नाहीत.

रीटाने तोच प्रयोग बेडरूममध्ये केला. पण तिने भ्रूण एकदाच न तपासता, टप्प्याटप्प्याने तपासले. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. आणि तिला वेगळंच दिसलं. कोंब नसला तरी चेतापेशी तयार होत होत्या. आपले तंतू कोंबाच्या दिशेने पाठवतही होत्या. आणि मग, थोड्या दिवसांनी, मरत होत्या.

फरक लक्षात आला का? जन्मच झाला नाही, आणि जन्म होऊन मृत्यू आला, ह्या दोन गोष्टी शेवटच्या मोजणीत सारख्याच दिसतात. पेशी कमी भरतात, एवढंच. रोज डोकावून बघणाऱ्यालाच त्यातला फरक कळतो.

हे सगळं चालू असताना ट्यूरिनवर बॉम्ब पडत होते. घर सोडून कुटुंब गावाकडे गेलं. रीटाने तिथेही एका कोपऱ्यात टेबल मांडलं. शेतकऱ्यांकडे अंडी मागायला जायची तर फलितच हवीत म्हणून सांगायची की लेकरांसाठी हवीत, ती जास्त पौष्टिक असतात. प्रयोग झाल्यावर उरलेल्या अंड्यांचं ऑम्लेट व्हायचं. युद्धात कोण अन्न टाकून देणार? इटलीतली नियतकालिकं ज्यू लेखकांचं काही छापत नव्हती, म्हणून निष्कर्ष बेल्जियममध्ये छापून आले. १९४३ मध्ये जर्मन फौजा इटलीत घुसल्या आणि मग मात्र सगळ्यांना फ्लॉरेन्समध्ये लपून राहावं लागलं.

चूक मान्य करणारा माणूस

युद्ध संपलं. बेल्जियममध्ये छापलेलं ते काम हॅम्बर्गर ह्यांच्या वाचनात आलं. त्यांच्या निष्कर्षाला विरोध करणारं काम, तेही कुणा अनोळखी मुलीने बेडरूममध्ये केलेलं. त्यांनी काय करावं? तिला सेंट लुईसला बोलावून घेतलं. या, आपण दोघं मिळून बघू कोण बरोबर आहे. १९४७ मध्ये रीटा काही महिन्यांसाठी म्हणून गेली आणि जवळपास तीस वर्षं तिचं मुख्य काम तिथेच राहिलं.

दोघांनी पुन्हा प्रयोग केले. रीटा बरोबर निघाली. १९४९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध आला. त्यात आणखी एक गोष्ट होती, माझ्या मते त्याहून मोठी: ज्या भ्रूणाला कुणी हातही लावलेला नाही, त्याच्यातही काही चेतापेशी ठरावीक दिवसांत मरतात. म्हणजे हे मरण आजार नाही, अपघात नाही. शरीर घडण्याचाच तो भाग आहे.

आता प्रश्न पडतो, निसर्ग आधी बनवतो कशाला आणि मग मारतो कशाला?

असं बघा. पाठीतल्या पेशींना आधीपासून कसं कळणार की पुढे पाय केवढा होणार आहे, त्यात स्नायू किती असणार आहेत, त्वचा किती असणार आहे? म्हणून आधी भरपूर चेतापेशी तयार होतात. सगळ्या आपापले तंतू पायाकडे पाठवतात. पायाकडे मोजकाच निरोप असतो: ‘तू हवी आहेस, जगत राहा’. ज्यांना तो मिळतो त्या राहतात. ज्यांना मिळत नाही त्या स्वतःला आवरून घेतात, शांतपणे मरतात. संगीतखुर्चीसारखं आहे हे. खुर्च्या किती हे पाय ठरवतो. मग पाय लहान असो की मोठा, नसा बरोबर पुरेशाच उरतात. कुठलाही नकाशा, कुठलीही मोजदाद न करता.

पायाचे कितीतरी स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींमधल्या निम्म्याच्या आसपास पेशी कोंबडीच्या भ्रूणात अशा जातात. निम्म्या!

पण हा निरोप म्हणजे नेमकं काय? हवेत तर काही नसणार. कुठलातरी पदार्थ असणार. तो शोधायचा कसा?

पर्समधले उंदीर आणि सापाचं विष

१९४८ मध्ये एल्मर ब्यूकर ह्या संशोधकाने एक विचित्र प्रयोग केला होता. कोंबडीच्या भ्रूणाला उंदराच्या कर्करोगाची गाठ चिकटवली होती. नसा त्या गाठीत भराभर शिरल्या. रीटाने तो प्रयोग पुन्हा केला तर दृश्य भलतंच होतं. तंतू गाठीत घुसलेच, पण भ्रूणाच्या रक्तवाहिन्यांमध्येसुद्धा घुसले, जिथे नसांचं काही काम नसतं. मग तिने गाठ भ्रूणाला न चिकटवता अंड्याच्या आतल्या पडद्यावर ठेवली. गाठ आणि भ्रूण ह्यांचा एकमेकांना स्पर्श नाही, मधे फक्त रक्ताचा प्रवाह. तरीही तेच. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपतंय आणि रक्तातून पोचतंय!

हे ताटलीत, भ्रूणाच्या बाहेर दाखवायला हवं होतं. ती सोय ब्राझीलमध्ये रिओला, हेर्टा मायर ह्यांच्या प्रयोगशाळेत होती. १९५२ मध्ये रीटा विमानाने गेली, आणि जवळच्या पर्समध्ये गाठी असलेले दोन उंदीर! आजच्या विमानतळावर करून बघा.

तिथे तिने कोंबडीच्या भ्रूणातून चेतापेशींचा एक पुंजका काढला आणि गाठीच्या तुकड्याजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुंजक्याच्या चहूबाजूंनी तंतूच तंतू. लहान मुलं चित्रात सूर्य काढतात ना, गोल आणि भोवती किरणं, अगदी तसं. शेजारी गाठ नसलेला पुंजका मात्र बोडका.

आता तो पदार्थ वेगळा काढायचा होता. त्यासाठी १९५३ मध्ये स्टॅनली कोहेन हा जैवरसायनतज्ज्ञ सेंट लुईसला तिच्याबरोबर काम करायला आला. पहिला प्रश्न: हा पदार्थ प्रथिन आहे की डीएनए-आरएनएसारखं न्यूक्लिक आम्ल? कोहेनने युक्ती केली. सापाच्या विषात न्यूक्लिक आम्ल तोडणारं विकर असतं. ते गाठीच्या अर्कात घालायचं. किरणं गायब झाली तर पदार्थ न्यूक्लिक आम्ल असणार.

घातलं. किरणं गायब होण्याऐवजी दाट झाली!

डोकं खाजवलं असेल दोघांनी. मग नुसतं विष, गाठीचा अर्क न घालता, पुंजक्यावर टाकून बघितलं. तरी किरणं. म्हणजे विषातच तो पदार्थ होता, आणि गाठीपेक्षा कितीतरी पट जास्त. आता कोहेनचं डोकं बघा कसं चाललं. सापाची विषग्रंथी म्हणजे खरं तर बदललेली लाळग्रंथी. मग उंदराच्या लाळग्रंथीत बघू या का? बघितलं. नर उंदराच्या लाळग्रंथीत भांडार सापडलं.

पदार्थ प्रथिन निघाला. नाव पडलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. आपण एनजीएफ म्हणू.

पण हे सगळं ‘दिलं तर काय होतं’ एवढंच झालं. शरीराला त्याची गरज आहे का, हे कळायला ‘काढून घेतलं तर काय होतं’ हे बघावं लागतं. त्यांनी सशांना एनजीएफ टोचून त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार करवली, आणि ती नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना टोचली. काही आठवड्यांनी बघितलं तर त्यांच्या मज्जासंस्थेतला एक अख्खा विभाग जवळपास नाहीसा झालेला. घाम, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या ज्याच्या ताब्यात असतात तो विभाग. निरोप अडवला, पेशी मेल्या. इतकं सरळ.

१९८६ मध्ये रीटा आणि कोहेनला नोबेल मिळालं. हॅम्बर्गर ह्यांना मिळालं नाही, आणि ते का नाही ह्यावर आजही लोक वाद घालतात. ज्या माणसाने आपल्याला खोटं ठरवणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं, त्याचं नाव निदान ह्या भागात तरी राहू दे.

दारावरची बेल

आता निरोप पोचतो कसा ते बघू. इथे थोडं लक्ष द्या, मावसबहिणीचं उत्तर इथेच आहे.

ग्रोथ फॅक्टर सहसा पेशीच्या आत शिरून काम करत नाही. पेशीच्या आवरणावर एक प्रथिन बसवलेलं असतं, त्याला ग्राही म्हणतात, इंग्रजीत रिसेप्टर. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. दारावरच्या बेलसारखं: बटण बाहेर, घंटा घरात. एनजीएफ येऊन बाहेरचं बटण दाबतो. दोन ग्राही जवळ येऊन जोडी करतात, आतली टोकं एकमेकांना चालू करतात, आणि मग आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात. शेवटी केंद्रकापर्यंत बातमी जाते आणि कुठली जनुकं चालू, कुठली बंद, हे ठरतं.

चेतापेशीची अडचण अशी की बेल दाबली जाते पायाच्या बोटाशी आणि घर असतं कंबरेत! तुमच्या अंगठ्याची जाणीव वाहणाऱ्या पेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्याजवळ असतो. मधे साधारण मीटरभर तंतू. मग पेशी काय करते, वाजलेली बेलच बटणासकट एका इवल्या पिशवीत भरते आणि तंतूतून ओढत घरी आणते.

१९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनोट ह्याने एक सुंदर प्रयोग केला. ताटलीत कप्पे केले. मधल्या कप्प्यात चेतापेशी, त्यांचे तंतू बाजूच्या कप्प्यांत जाऊ शकतील असे. बाजूच्या कप्प्यात एनजीएफ असेल तरच तंतू तिथे वाढत. तिथला एनजीएफ काढून घेतला की तेवढे तंतू वाळत, मधल्या कप्प्यात एनजीएफ असला तरीसुद्धा. म्हणजे निरोप नुसता अंगात असून भागत नाही. नेमक्या जागी असावा लागतो.

आणि बेल असावी लागते. ज्या पेशीच्या दारावर एनजीएफची बेलच नाही, तिच्या अंगणात एनजीएफचा पाऊस पाडलात तरी तिला पत्ता लागणार नाही.

ही बेल जन्मतःच बिघडलेली असली तर? अशी मुलं असतात. फार थोडी, पण असतात. एनटीआरके१ नावाच्या जनुकातून ही बेल बनते. त्यात दोष असला तर काय होतं हे १९९६ मध्ये कळलं. ह्या मुलांना वेदना कळतच नाहीत. ऐकायला वरदान वाटतं ना? दात आल्यावर ही बाळं स्वतःची जीभ चावतात, बोटं चावतात. भाजलं तरी हात मागे घेत नाहीत. हाड मोडलं तरी त्याच पायावर चालत राहतात. त्यांना घामही येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं आणि लहानपणी तो ताप जिवावर बेतू शकतो. वेदना वाहणाऱ्या आणि घामाच्या ग्रंथींना आज्ञा देणाऱ्या पेशी त्यांच्यात जगत नाहीत, कारण ‘जगत राहा’ हा निरोप त्यांना ऐकूच आलेला नसतो. रीटाने कोंब कापलेल्या भ्रूणात जे पाहिलं, तेच.

बदकाचे पाय

‘ग्रोथ’ ह्या शब्दाने कशी फसगत होते, त्याची आणखी तीन उदाहरणं पटापट सांगते.

पहिलं, पुन्हा कोहेनचं. लाळग्रंथीचा अर्धवट शुद्ध केलेला अर्क उंदरांच्या पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे फार लवकर उघडले. एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात, इथे सातव्या दिवशीच. एखाद्याने दुर्लक्ष केलं असतं. नसांचा अभ्यास चाललाय, पापण्यांचं काय? कोहेनने पाठपुरावा केला आणि दुसरा ग्रोथ फॅक्टर सापडला, ईजीएफ, त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा. म्हणजे एकाच अर्कात दोन निरोप होते, प्रत्येक पेशीने आपापला ऐकला.

दुसरं. कोंबडीचा पाय डोळ्यांपुढे आणा. बोटं सुटी. आता बदकाचा पाय. बोटांमधे पडदा. भ्रूणात सुरुवातीला दोघांच्याही बोटांमधे पडदा असतो. आपल्याही असतो! मग बोटांमधल्या पेशींना बीएमपी नावाच्या कुळातला निरोप येतो आणि त्या मरतात, बोटं सुटी होतात. बीएमपी ह्या नावाचा अर्थ ‘हाड घडवणारं प्रथिन’. हाड घडवणारा तोच निरोप, बोटांमधे मात्र ‘मर’ असा ऐकू येतो. बदकाच्या पायात ग्रेम्लिन नावाचं प्रथिन हा निरोप अडवतं, म्हणून पडदा टिकतो. १९९९ मध्ये संशोधकांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या बोटांमधे ग्रेम्लिन ठेवलं, तर कोंबडीला बदकासारखा पडदा राहिला.

तिसरं. एफजीएफ नावाचं ग्रोथ फॅक्टरचं एक मोठं कुळ आहे. भ्रूणात पायाचा कोंब वाढत राहतो तो टोकाकडून येणाऱ्या एफजीएफमुळे. पण पुढे मुलाचं हाड लांबीने वाढत असताना, हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेत एफजीएफचा एक ग्राही ‘आता पुरे’ असं सांगतो. अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या मुलांची उंची कमी राहते, हात-पाय धडाच्या मानाने आखूड राहतात, त्याचं कारण हा ग्राही, एफजीएफआर३, गरजेपेक्षा जास्त काम करतो. हे १९९४ मध्ये उलगडलं. नीट ऐका: ग्रोथ फॅक्टरचा ग्राही जास्त चालला, म्हणून वाढ कमी झाली.

मावसबहिणीला दिलेलं उत्तर

तर मी तिला फोन केला. म्हटलं, बाई गं, ‘ह्यात ग्रोथ फॅक्टर आहे’ हे वाक्य म्हणजे ‘ह्या पाकिटात चिठ्ठी आहे’ म्हणण्यासारखं आहे. कुणाची चिठ्ठी? कुणाला? त्यात लिहिलंय काय? आणि ती त्या घरी पोचणार का? हे प्रथिनांचे रेणू चांगले मोठे असतात. धडधाकट त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं. थेंब टाकला की तो केसांच्या मुळाशी जाऊन नेमकी बेल दाबेल, असं गृहीत धरता येत नाही. विकणाऱ्याला ह्या चार प्रश्नांची उत्तरं विचार, आणि केस खरंच गळत असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

ती म्हणाली, "म्हणजे सगळं खोटंच?"

नाही ना! तेच सांगायचंय. २०१८ मध्ये अमेरिकेत एनजीएफचे डोळ्यांत घालायचे थेंब औषध म्हणून मंजूर झाले. बुबुळाच्या नसा दुखावल्या की वरचा पडदा बरा होत नाही, जखम चिघळते, दृष्टी जाऊ शकते. तिथे हे थेंब थेट त्या जागी पोचतात, ऐकणाऱ्या पेशी तिथे असतात, निरोपही त्यांचाच असतो. शिवणाच्या सुया घासून सुरू झालेलं काम डोळ्यांपर्यंत पोचलं. रीटा २०१२ मध्ये, १०३ वर्षांची होऊन गेली. हे बघायला ती हवी होती.

आणि दुसरी बाजूही सांगितली. फुप्फुसाच्या काही कर्करोगांमध्ये ईजीएफची बेल अडकलेली असते. बटण कुणी दाबलेलं नाही, तरी घंटा वाजतेच आहे, आणि पेशी वाढतच सुटतात. अशा रुग्णांसाठी ती घंटा बंद करणाऱ्या गोळ्या आहेत. म्हणजे एका निरोपाच्या वाटेवर औषध निरोप पोचवण्याचं, दुसऱ्या निरोपाच्या वाटेवर तो थांबवण्याचं. ‘वाढ म्हणजे चांगलं’ एवढ्या हिशोबावर इथे काहीच चालत नाही.

तिने बाटली घेतली का, हे मला माहीत नाही. विचारलं नाही. पण दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: "ताई, माझी बोटं सुटी आहेत म्हणजे मधल्या पेशी मेल्या होत्या?" हो, म्हटलं. आपल्या हाताची पाच बोटं वेगळी दिसतात, ती काही पेशींनी वेळेवर निरोप ऐकला म्हणून.

आज झोपण्याआधी एकदा स्वतःचा हात बघा.

प्रश्न असतील तर पाठवा, निवडक प्रश्नांवर पुढच्या भागात बोलू. आणि तुमच्या घरच्या ग्रुपवर अशी एखादी बाटली फिरत असेल, तर तिच्या खाली हा भाग टाका. भेटू लवकरच. काळजी घ्या.